द्यायचं बोला

तुळशीबागेतल्या पर्सवाल्याने चारशे रुपये सांगावेत, आपण धीर करून दोनशे म्हणावं आणि त्याने लगेच "घ्या" म्हणून पर्स पिशवीत सरकवावी, यासारखं दुःख नाही. दोनशे रुपये वाचलेले असतात. पर्स हवी होती तीच असते, रंगही तोच. तरी लक्ष्मी रोड ओलांडेपर्यंत चेहरा पडतो. दीडशे म्हणायला हवं होतं. छे, शंभरच म्हणायला हवं होतं. आणि इतक्या सहज दिली म्हणजे मालात काहीतरी खोट असणार. घरी आल्यावर त्या पर्सची चेन इतक्या वेळा ओढून तपासली जाते की शेवटी ती खरंच बिघडते.

आता तोच पर्सवाला कपाळाला हात लावून "अहो ताई, दोनशेत माझी खरेदीसुद्धा नाही" म्हणाला असता, आपण तोंड फिरवून दोन दुकानं पुढे गेलो असतो, त्याने "ओ ताई, या, या, शेवटचं ऐका" अशी हाक मारली असती आणि रडतखडत अडीचशेला जमलं असतं, तर? पन्नास रुपये जास्त गेले असते आणि आपण घरात विजयी मुद्रेने शिरलो असतो. शेजारच्या काकूंना मुद्दाम बोलावून विचारलं असतं, "केवढ्याची असेल, सांगा बघू!"

पन्नास रुपये जास्त मोजून खूश होणाऱ्या या प्राण्याची अर्थशास्त्राने बरीच वर्षं दखल घेतली नव्हती. १९८५ साली रिचर्ड थेलर यांनी मांडलं की वस्तू मिळाल्याचं सुख वेगळं आणि सौदा चांगला झाल्याचं सुख वेगळं. माणूस दोन्ही मोजतो. पुढे २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. माझं म्हणणं याच्या एक पायरी पुढचं आहे, आणि त्यासाठी मला कोणी काही देणार नाही. सौद्याचं सुखही दुय्यमच. त्या दहा मिनिटांत एक अनोळखी माणूस आपली समजूत काढतो, आपल्यावर रुसतो, आपण निघालो की कासावीस होतो, परत बोलावतो. घरातल्या माणसांनी आपल्यासाठी एवढं शेवटचं कधी केलं होतं, आठवून बघा.

घासाघीस सुरू होते तीच मुळी नातं जोडून. भाव नंतर. तो आपल्याला ताई म्हणतो, आपण त्याला दादा म्हणतो. भाजीवाली मावशी, फळवाला मामा, रिक्षावाला काका. यात जोखीम असते. पस्तिशीतल्या बाईला "या काकू" म्हणणारा विक्रेता पहिल्याच चेंडूवर बाद होतो. त्यानंतर त्याने माल फुकट दिला तरी ती घेणार नाही. मुरलेला दुकानदार पांढऱ्या केसांनाही ताईच म्हणतो. बोलणी बिघडू लागली की नातं पातळ होत जातं. ताईची मॅडम होते, मॅडमची "ओ बाई" होते, आणि "ओ बाई"नंतर काही बोलण्यासारखं उरत नाही.

मग खोटं बोलण्याला सुरुवात होते. "भवानीची वेळ आहे, खोटं बोलणार नाही," हे त्याचं पहिलं खोटं. दुपारी चार वाजताही त्याची भवानी व्हायची असते. "परवाच माझ्या मैत्रिणीने इथूनच दीडशेला नेली," हे आपलं. ती मैत्रीण जन्माला आलेली नाही, हे त्याला ठाऊक असतं. त्याची भवानी सकाळी दहालाच झाली, हे आपल्याला ठाऊक असतं. फसत कोणीच नाही, पण दोघंही आपापली भूमिका मनापासून वठवतात. एक नियम मात्र कडक आहे. भाव विचारायला पैसे पडत नाहीत, पण भाव बोललात तर बांधले गेलात. तुम्ही दोनशे म्हणालात, तो "बरं, घ्या" म्हणाला आणि तुम्ही "नको, बघते" म्हणून चालू लागलात, तर सगळी गल्ली तुमच्याकडे बघते आणि गल्लीचं काही चुकत नाही.

या सगळ्यात नवरा नावाच्या माणसाचं काय करायचं, हे तुळशीबागेला अजून उमगलेलं नाही. हातात पिशव्या घेऊन तो रहदारीत उभा असतो, आणि नेमका सौदा ऐन रंगात आला की म्हणतो, "आवडलीय ना? मग घेऊन टाक की." संपलं. दुकानदाराला अशी माणसं लांबून ओळखू येतात. तो बाईंना सोडून त्यांच्याकडेच वळतो, "साहेबांची पसंती चांगली आहे." साहेब खुलतात. भाव तिथेच थिजतो.

तो पहिला चारशेचा आकडा कुठून येतो? १९७४ साली अमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन यांनी एका प्रयोगाबद्दल लिहिलं. आकड्यांचं एक चक्र फिरवायचं. ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी आतून व्यवस्था. मग लोकांना विचारायचं, संयुक्त राष्ट्रांच्या सभासदांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांना १० दिसला त्यांचं उत्तर साधारण २५, ज्यांना ६५ दिसला त्यांचं ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी डोक्यात पडलेला पहिला आकडा माणसाला सोडत नाही. पर्सवाल्याकडे चक्र नसतं. तो आपल्या चपलांकडे बघतो आणि आकडा सांगतो.

आपल्याकडचा सर्वांत मोठा सौदा मात्र जंगलात झाला आणि तो बाईनेच केला. दरवर्षी ज्येष्ठी पौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात ते पतिव्रतेची पूजा म्हणून. मला ती घासाघिशीच्या कुलदेवतेची पूजा वाटते. यमाची अट होती, नवऱ्याचे प्राण सोडून काय हवं ते माग. सावित्रीने थेट विषयाला हात घातला नाही. आधी सासऱ्यांची दृष्टी, मग सासऱ्यांचं गेलेलं राज्य, मग वडिलांना शंभर मुलगे. समोरचा "दिलं, दिलं" म्हणत सैलावला, तेव्हा चौथ्या खेपेला तिने सत्यवानापासून शंभर मुलगे मागितले आणि यमाने तेही देऊन टाकले. पुढे काय झालं, सांगायला नको. इथे एक गंमत आहे. बाजारात गिऱ्हाईक चालू लागतं आणि दुकानदार हाक मारतो. इथे दुकानदारच चालू लागला होता आणि गिऱ्हाईक मागे मागे गेलं. आणि बोलायला सुरुवात करताना ती यमाला म्हणते की सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते लोक सांगतात, तेव्हा त्या मैत्रीला धरून बोलते. साक्षात यमाशीही तिने आधी नातं जोडलं. भाव नंतर.

सावित्रीची गोष्ट ज्या महाभारतात आहे, त्यातच एकच भाव लावून बसलेलं दुकान दुर्योधनाचं. कृष्ण अर्ध्या राज्यापासून पाच गावांपर्यंत उतरला. हा म्हणाला, सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीसुद्धा देणार नाही. मागच्या पाटीवर "कृपया घासाघीस करू नये" असं लिहिलेलं असावं. अठरा दिवसांत दुकान बंद झालं.

आता ज्या सौद्यात पैशाचं नावही निघत नाही, त्याकडे वळू या. म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण. नव्या सोसायट्यांच्या फाटकावर तिला अडवतात, पण जुन्या वाड्यांत आणि चाळींत ती अजून येते. दुपारी दीड-दोनला, घरातली जेवणं आटोपून बाई आडवी होणार एवढ्यात जिन्यावरून लांबलचक हाक येते. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी, काखेत कपड्यांचं गाठोडं. उंबऱ्याशी ती टोपली उतरवते आणि भिंतीला टेकून पाय पसरते. म्हणजे आता तासाभराची निश्चिंती.

बाई आतून कपडे आणते. बोहारीण पहिली साडी उलगडून उजेडाला धरते. कापड विरलं असेल तर उजेड आरपार येतो. "जाळी झालीय, काकू," एवढं बोलून ती बाजूला. पँटीचा आधी गुडघा, मग बूड, मग चेन. शर्टाची कॉलर बोटाने उलटी करून आतून किती घासलीय ते बघायचं. स्वेटर ती पायानेच मागे सारते. जरीचा काठ दिसला की मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो पदर मांडीखाली जातो.

"या पातेल्याला अजून दोन पँटी टाका."

"दोन? अगं, खालच्या मजल्यावर एका साडीत तू डबा दिलास."

"ती जरीची होती, काकू."

"आणि ही काय गोणपाटाची आहे?"

मग बाईंची पाळी. पातेलं उलटं करून बुडाला टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. तळहातावर तोलायचं. कडेवरून बोट फिरवायचं. "पत्रा पापडासारखा आहे गं. दूध तापायच्या आधी पातेलंच करपेल." बोहारीण दुखावते. ती खरंच दुखावलेली असते की नाही, हे तीस वर्षं तिच्याकडून भांडी घेणाऱ्या बाईलाही सांगता येणार नाही.

शेवटचं युद्ध झाकणावरून. पातेलं ठरलं, पण झाकण? झाकण वेगळं. बिनझाकणाचं पातेलं घेऊन काय करू? झाकणाला एक पँट. अशा वेळी बाई आत जाते आणि यजमानांची एक राखाडी पँट घेऊन येते. ती पुन्हा कमरेला बसेल असं यजमानांना गेली आठ वर्षं वाटत आलेलं असतं. ते कचेरीत असतात. झाकण मिळतं.

घरोघरचे कपडे हाताखालून गेल्यामुळे बोहारणीला गल्लीची खडानखडा माहिती असते. कोण सुटलं, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणाची मुलगी परदेशी जाऊन पंजाबी ड्रेस मागे ठेवून गेली, हे तिला कोणी सांगावं लागत नाही. आणि एखाद्या घरातून एकाच माणसाचे पाच-सहा धडधाकट सदरे आणि धोतरं एकदम बाहेर आली, तर ती काही विचारत नाही. त्या दिवशी कॉलरही उलटून बघत नाही. भांडं काढून ठेवते, झाकणासकट.

सौदा मिटल्यावर पाणी मागायचा रिवाज आहे. पाणी पिता पिता कळतं की तिच्या लेकीला मुलगी झाली. इतका वेळ एका पँटीवरून रक्त आटवणारी बाई उठते आणि कपाटातून एक बऱ्यापैकी झबलं आणून देते, "घे, नातीला होईल." बोहारीण टोपलीत चाचपून एक चमचा काढते आणि उंबऱ्यावर ठेवते. झबलंही हिशेबात नव्हतं आणि चमचाही.

बैलबाजारात सगळं उलटं. तिथे तोंड बंद. खरसुंडी, पुसेगाव अशा यात्रांत खिलारी जोडीचे दात बघून झाले, खांदा चाचपून झाला, चार पावलं चालवून झाली की हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, विकणाऱ्याचा हात धरतो आणि वर रुमाल नाहीतर उपरणं टाकतो. त्याला हत्ता म्हणतात. रुमालाखाली बोटं बोलतात. दाबलेली बोटं शेकड्यातली की हजारातली, ते जनावराकडे बघूनच समजायचं. रुमालावरची माणसं मात्र पावसापाण्याचं बोलत भलतीकडे बघत असतात. भोवती माणसांचं कडं असतं आणि कोणालाच कळत नाही की आत्ता पाच हजार कमी झाले. आंब्याच्या आणि भाजीपाल्याच्या घाऊक व्यापारातही हा रुमाल फार वर्षं चालला. बाजार समित्यांचा नियम उघड लिलावाचा आहे, आणि तो बरोबरच आहे, कारण रुमालाखाली शेतकऱ्याचा बोटभर तरी तोटा व्हायचाच. पण बैलाच्या बाजारात, जिथे दोन्हीकडचे तितकेच बेरकी असतात, तिथलं दृश्य मला आवडतं. भरघोस मिशांचे दोन पुरुष इतका वेळ एकमेकांचा हात हातात घेऊन उभे आहेत, असं आपल्या मुलखात दुसरीकडे कुठे बघायला मिळतं?

क्लिफर्ड गीर्ट्झ हे मानववंशशास्त्रज्ञ मोरोक्कोतल्या सफ्रू गावच्या बाजारात बसून घासाघीसच बघत होते. १९७८ साली त्यांनी लिहिलं की बाजारात सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे माहिती. माल कसा आहे, खरा भाव काय, कोण खरं बोलतंय, काहीच धड कळत नाही. म्हणून शहाणं गिऱ्हाईक दहा दुकानं पालथी घालण्यापेक्षा एकाच ठिकाणी ठाण मांडतं आणि त्यालाच खोदून खोदून विचारतं. दुकान कायमचं ठरलं तरी घासाघीस थांबत नाही, उलट तिथेच ती जोरात चालते. आपल्याकडे "तुम्ही घरच्या, तुमच्याकडून काय जास्त घेणार" असं म्हणून जास्त घेतात, त्याची शास्त्रीय बाजू ही.

एकच भाव ही कल्पना फार जुनी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी ती धर्म म्हणून पाळली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दोनशेला देणार असाल तर चारशे सांगणं हे खोटं, आणि खोटं बोलणं पाप. ही माणसं भवानीच्या वेळी आपल्याकडे आली असती तर पहिल्याच गल्लीत घेरी येऊन पडली असती. १८५२ साली अरिस्तीद बुसिको पॅरिसच्या बॉन मार्शे दुकानात भागीदार झाले. तिथे मालावर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या गेल्या आणि गिऱ्हाइकाला न बोलता खरेदी करायची सोय झाली. धंदा अफाट वाढला. नवा पोऱ्या ठेवला तरी चालू लागलं, त्याला भाव ठरवायची अक्कल लागेना. तरी पश्चिमेत घासाघीस मेली नाही, ती मोटारीच्या दुकानात जाऊन राहिली. अमेरिकेत गाडी घ्यायला गेलेले आपले लोक सांगतात की विक्रेता "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून आत जातो आणि चेहरा पाडून परत येतो. मुंबईच्या मंगलदास मार्केटात यालाच "शेठला विचारतो" म्हणतात, आणि तिथेही आत बहुधा शेठ नसतो.

आता सगळ्या दुकानांत तो बोलका डबा आला आहे. आपण वीस मिनिटं खर्चून, चारदा पाठ फिरवून, आवाज खाली आणून "कोणाला सांगू नका, तुमच्यासाठी म्हणून" असं वचन घेऊन एकशे ऐंशीचा टॉप एकशे चाळीसला मिळवतो, क्यूआर कोडवर पैसे टाकतो, आणि तो डबा गल्लीभर ओरडतो, "एकशे चाळीस रुपये प्राप्त झाले." शेजारी त्याच टॉपचे एकशे साठ देऊन सुटे परत घेणारी बाई वळून बघते. दुकानदार जमिनीकडे बघतो. सौद्याचा डाव रुमालाखाली झाकणाऱ्या त्या हेड्यांची आठवण येते ती अशा वेळी.

मधूनमधून मोबाइलवर एक उपदेश येत असतो, की मॉलमध्ये मुकाट पैसे देता आणि गरीब भाजीवालीशी दोन रुपयांसाठी भांडता, लाज वाटली पाहिजे. अर्धं पटतं. संध्याकाळी साडेसातला शेवटच्या तीन जुड्या घेऊन बसलेल्या, गावची एसटी गाठायची असलेल्या म्हातारीला "तिन्ही दहाला दे" म्हणणं ही घासाघीसच नव्हे. तिला नाही म्हणायची सोय नाही. ती शुद्ध अडवणूक आहे आणि ती करणाऱ्याची कोथिंबीर कडू निघो. (हुंड्याची बोलणीही याच खात्यातली, ती तर १९६१ पासून गुन्हा आहे.) पण सकाळी दहा वाजता मंडईत पाटी भरून बसलेल्या मावशींची गोष्टच वेगळी. त्यांनी सांगितलेले चाळीस रुपये निमूट पुढे करून, वर "राहू दे सुटे" असं दानशूरपणे म्हणून बघा. पैसे त्या घेतात, पण तुमच्याकडे अशा नजरेने बघतात की घरी धड जेवण शिजतं का नाही अशी शंका त्यांना आली असावी. त्यांनी चाळीस सांगितले ते तुम्ही तीस म्हणाल या भरवशावर. पस्तीसला देऊन, चार मिरच्या आणि कढीपत्ता वर टाकून, "तुमच्यापुढं हरले बाई" म्हणायचं त्यांनी ठरवलेलं असतं. ते सगळं तसंच राहून जातं.

मॉलमध्ये आपण गप्प बसतो ते तिथे छापील किंमत असते म्हणून. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं १९९० च्या सुमारास सक्तीचं झालं, आणि तेव्हापासून आपण तो आकडा ब्रह्मवाक्य धरून चाललो आहोत. कायद्यात तसं काही नाही. छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेणं हा गुन्हा आहे; कमी घ्यायला कसलीही बंदी नाही. तेव्हा पुढच्या खेपेला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साबणाची वडी हातात घ्या, मागची बाजू वाचल्यासारखं करा आणि विचारा, "दादा, द्यायचं बोला." कमी केले तर उत्तम. नाही केले, तर साबण तसाही घ्यायचाच होता.